‘गोल नॉट मेट’ : फळाचा विचार आणि फळाची आसक्ती

॥ श्री ॥

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २३ ते २६



गेले काही दिवस आपण अठराव्या अध्यायात आहोत. आजचे चार श्लोक वाचताना पोथी शेजारी उघडी ठेवा, कारण त्यात एक बारीक गाठ आहे आणि घाईत वाचलं तर ती हाताला लागत नाही.

तेविसाव्या श्लोकात सात्त्विक कर्म येतं. वाट्याला आलेलं, आसक्ती न ठेवता, राग-द्वेष बाजूला ठेवून, फळाची इच्छा न धरता केलेलं. चोविसाव्यात राजस कर्म. काहीतरी मिळवण्यासाठी किंवा ‘मी करतोय’ या तोऱ्यात, उरस्फोड करून केलेलं. पंचविसाव्यात तामस कर्म. पुढे काय होईल, नुकसान किती होईल, कुणाला इजा होईल का, आपली कुवत किती, यातल्या कशाचाच विचार न करता मोहापोटी सुरू केलेलं. आणि सव्विसाव्यात सात्त्विक कर्त्याचं वर्णन.

आता गाठ बघा. तेविसावा म्हणतो फळाची इच्छा नको. पंचविसावा म्हणतो परिणामाचा विचार न करता केलंत तर ते तामस. म्हणजे फळाचा विचार तर हवा, पण फळाची आसक्ती नको.

‘कर्म करत राहा, फळाची चिंता करू नको’ हे वाक्य आपल्या पिढीने कॉफीच्या मगवर छापलंय, स्टेटसला टाकलंय आणि अभ्यास अर्धवट राहिला की सोयीने वापरलंयसुद्धा. पंचविसावा श्लोक समोर ठेवला की ती सोय जाते. परिणामाकडे पाठ फिरवण्याला गीता त्याग म्हणत नाही, तमोगुण म्हणते.

पण प्रश्न उरतोच. विचार आणि आसक्ती वेगळे काढायचे कसे? ऑफिसच्या कामात एखाद्या वेळी जमतंही. पण ज्याच्यासाठी जीव तुटतो अशा माणसासाठी काही करत असताना? आईचं ऑपरेशन आहे, बाळाला ताप आहे, मित्र नैराश्यातून जातोय. तिथे ‘याला बरं वाटावं’ हा विचार कुठे संपतो आणि आसक्ती कुठे सुरू होते, हे कुणाला सांगता येईल?

या प्रश्नाचा मला भेटलेला सगळ्यात स्वच्छ धडा कुठल्या भाष्यात नव्हता. तो नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीच्या फायलीत होता. आज त्याबद्दल लिहितो.

केअर प्लॅन म्हणजे काय

माझी मामेबहीण पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगला आहे. दुसऱ्या वर्षाच्या क्लिनिकल पोस्टिंगच्या काळात ती आमच्याकडे राहायला होती. रात्री जेवणं आटोपली की डायनिंग टेबलावर पट्टी, दोन रंगांची पेनं आणि जाडजूड फाईल मांडून ती केअर प्लॅन लिहायला बसायची. मी समोर बसून माझं दुसऱ्या दिवशीचं चिंतन लिहायचो. मध्येच ती वैतागून म्हणायची, “दादा, पेशंटचं करायला मला काही वाटत नाही. हे लिहायलाच जीव जातो.”

केअर प्लॅन म्हणजे एका रुग्णासाठी एका नर्सने आखलेली सेवा, पान आडवं धरून, रकाने पाडून लिहिलेली. पहिल्या रकान्यात पाहणी. तिचे दोन भाग असतात : रुग्ण स्वतःच्या तोंडाने काय सांगतो, आणि नर्सला काय दिसतं, काय मोजता येतं. दुसऱ्यात नर्सिंग डायग्नोसिस. तिसऱ्यात गोल. चौथ्यात इंटरव्हेन्शन, म्हणजे नर्स काय काय करणार. पाचव्यात रॅशनल, म्हणजे ते का करणार. आणि शेवटच्यात इव्हॅल्युएशन. तिथे तीनपैकी एक लिहायचं : गोल मेट, पार्शली मेट किंवा नॉट मेट.

ही पद्धत फार जुनी नाही. नर्सिंग ही एक प्रक्रिया आहे, असं अमेरिकेत लिडिया हॉल यांनी १९५५ मध्ये मांडलं. आयडा जीन ऑर्लँडो यांचं या विषयावरचं पुस्तक १९६१ मध्ये आलं. नर्सिंग डायग्नोसिसची नावं आणि वर्गवारी ठरवण्यासाठी पहिली परिषद १९७३ मध्ये सेंट लुईस इथे भरली, आणि त्यातून पुढे १९८२ मध्ये नँडा ही संस्था उभी राहिली. आज आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांतली मुलं-मुली ज्या रकान्यांशी झटापट करतात, ते असे आले.

यातली पहिली विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे डॉक्टरचं निदान आणि नर्सचं निदान यातला फरक. डॉक्टर आजाराचं निदान करतो. तो आजार या माणसाचं काय करतोय आणि हा माणूस त्याला कसा सामोरा जातोय, ते नर्सला ओळखायचं असतं. ‘खुब्याचं हाड मोडलं’ हे डॉक्टरचं निदान. ‘त्वचेला इजा होण्याचा धोका’, ‘स्वतःची स्वच्छता स्वतः करता येत नाही’, ‘पडण्याची भीती’ ही नर्सची निदानं. हाड दोघांचं सारखंच मोडलेलं असेल, पण एकाचा केअर प्लॅन दुसऱ्याला लावता येत नाही.

वाक्याचा कर्ता कोण?

तिच्या फायलीत लाल पेनाने सगळ्यात जास्त खुणा होत्या त्या गोलच्या रकान्यात. बाकी रकाने पुस्तक बघून तरी भरता येतात, हा येत नाही.

पहिल्यांदा तिने लिहिलं : रुग्णाला बरं वाटेल. मॅडमनी शेजारी लिहिलं : कसं कळणार? कधीपर्यंत?

मग तिने लिहिलं : दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे. मॅडमनी लिहिलं : हे तुझं काम झालं. रुग्णाचं काय होईल ते लिही.

तिसऱ्या वेळी तिने लिहिलं : पोस्टिंग संपेपर्यंत रुग्णाच्या त्वचेवर कुठेही लाली किंवा जखम नसेल. त्यावर बरोबरची खूण आली.

ही तीन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. शाळेत आपण वाक्यातला कर्ता ओळखायचो, तसं करून बघा. गोलच्या वाक्याचा कर्ता रुग्ण आहे. रुग्ण चालेल, रुग्ण सांगेल की वेदना दहापैकी सातवरून तीनवर आली, रुग्णाची त्वचा शाबूत असेल. त्या वाक्यात नर्स कुठेही नाही. शेजारच्या रकान्यात मात्र प्रत्येक वाक्याची कर्ती नर्स आहे. ती कूस बदलेल, टाचेखाली उशी देईल, ओलं झालेलं अंथरूण लगेच बदलेल.

दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक, कर्मावर अधिकार आहे आणि फळावर नाही हे सांगणारा, मी लहानपणापासून पाठ म्हणत आलोय. पण अधिकाराची हद्द इतकी स्पष्ट आखलेली मी त्या फायलीतच पाहिली. दोन रकाने आणि मध्ये पट्टीने मारलेली रेघ. रेघेच्या डावीकडे जे आहे ते दुसऱ्याच्या शरीरात, दुसऱ्याच्या आयुष्यात घडायचं आहे. उजवीकडे जे आहे ते माझ्या हातांनी करायचं आहे.

आणि डावा रकाना रिकामा ठेवायची मुभा नाही. ‘मी आपली सेवा करते, पुढचं देव बघेल’ असं लिहिलं तर फाईल परत येते. काय घडायला हवं, किती, कधीपर्यंत, कसं मोजणार, सगळं लिहावं लागतं. फळाचा असा विचार आपल्यापैकी किती जण करतो? आपण ‘आईला बरं वाटू दे’ एवढंच म्हणतो. बरं म्हणजे काय, आणि कुणाच्या मते, हे विचारत नाही.

आजी पाणी का पीत नव्हत्या

तिच्या एका केअर प्लॅनमधल्या आजी सत्तरी ओलांडलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, पलंगावरून उठायला अजून परवानगी नव्हती. जीभ कोरडी, लघवी गडद. किती पाणी आत गेलं आणि किती बाहेर आलं याचा तक्ता असतो, त्यात दिवसभरात जेमतेम अर्धा लिटर. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नव्हतं.

नर्सिंग डायग्नोसिस लिहिताना समस्येला ‘कशामुळे’ जोडावं लागतं आणि ‘कशावरून’ हेही लिहावं लागतं. ‘कशावरून’ सोपं होतं : जीभ, लघवी, तक्ता. ‘कशामुळे’ पुढे तिने आधी लिहिलं, माहितीच्या अभावामुळे. मग उपाय ओघाने आला : पाण्याचं महत्त्व समजावून सांगणे. तिने समजावून सांगितलं. आजी मान डोलावत होत्या आणि ग्लास तसाच राहत होता.

मॅडमनी पहिल्या रकान्याकडे बोट दाखवलं. रुग्ण स्वतः काय सांगतो, ते कोरंच होतं. “तू त्यांना विचारलंस का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत असताना ती आजींच्या पलंगापाशी स्टूल घेऊन बसली. बऱ्याच इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर आजी हळूच म्हणाल्या, “पाणी प्यायलं की भांडं मागावं लागतं गं. तुमच्यासारख्या पोरींना किती वेळा हाक मारायची? आणि समोर सगळी माणसं.”

पाण्याचं महत्त्व आजींना आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांना लाज वाटत होती. बेडपॅन मागायला लागू नये म्हणून त्या तहान मारत होत्या.

‘कशामुळे’ बदललं आणि चौथा रकाना पूर्ण बदलला. उपदेश गेला. त्याजागी आलं : कूस बदलायला जाशील तेव्हा त्यांनी मागायची वाट न बघता स्वतःच भांड्याचं विचारायचं, आधी पडदा ओढायचा, मग त्यांना एकटं सोडून पडद्याबाहेर हाकेच्या अंतरावर थांबायचं, आणि त्यानंतर पाण्याचा ग्लास हातात द्यायचा. गोल आजींना विचारून ठरला. तिला दीड लिटर लिहायचं होतं. आजी म्हणाल्या, “एक लिटर पिईन, शब्द देते.” तिने उद्या संध्याकाळपर्यंत एक लिटर असं लिहिलं.

याच अध्यायाच्या बाविसाव्या श्लोकात तामस ज्ञान सांगितलंय : एका तुकड्यालाच सगळं समजून त्याला चिकटून बसणं. ‘पाणी कमी’ हा तुकडा खरा होता. त्यामागचं माणूस बघितल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नव्हता. आपल्या घरातही हेच चालतं. बाबा चालायला जात नाहीत, मग आपण त्यांना चालण्याच्या फायद्यांचे व्हिडिओ पाठवतो. त्यांना गुडघ्याची भीती वाटते, का सोबतीचा मित्र गेला म्हणून जावंसं वाटत नाही, हे विचारायला स्टूल घेऊन बसावं लागतं.

आदल्या रात्री लिहिलेलं फळ

आता या सगळ्याचं मर्म असलेला शेवटचा रकाना, इव्हॅल्युएशन.

पाण्याचं एका दिवसात जमलं. पण त्याच आजींच्या फायलीत दुसरं निदान होतं, त्वचेला इजा होण्याचा धोका. पलंगावर पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर सतत दाब येतो, तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि कातडी आतून मरायला लागते. हा धोका मोजायला ब्रेडन स्केल नावाचं साधन आहे. गुण ६ ते २३, आणि आकडा जितका कमी तितका धोका जास्त. आजींचे गुण कमी होते. तिचा प्लॅन चोख होता आणि तिच्या ड्युटीत ती दर दोन तासांनी कूस बदलत होती.

फाईल सकाळी दाखवायची होती. म्हणून आदल्या रात्रीच तिने शेवटचा रकाना भरून टाकला. गोल मेट, त्वचा शाबूत. “सगळ्या असंच करतात दादा, सकाळी वेळ कुठे असतो?”

सकाळी आजींना स्पंज देताना तिला माकडहाडावर लाली दिसली. बोटाने दाबली. साधी लाली दाबल्यावर क्षणभर पांढरी पडते. ही पडली नाही. बेडसोरची ती पहिली पायरी.

फाईल तिच्या पिशवीत होती, निळ्या शाईत ‘गोल मेट’ लिहिलेली. मॅडम फाईल बघणार होत्या, आजींची पाठ बघतीलच असं नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला त्या क्षणी मार्क दिसले असतील, ओरडा दिसला असेल. पण तिला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. ती मला म्हणाली, “मी एवढं केलं ना त्यांचं. मग असं कसं झालं? नॉट मेट लिहिलं तर मी काहीच केलं नाही असं वाटेल.”

आसक्ती नेमकी कशी दिसते ते इथे दिसतं. फळ ‘माझं’ झालं की ते बिघडल्यावर मी बिघडते. मग मला वाचवायला फळाबद्दल खोटं बोलावंसं वाटतं. आदल्या रात्री लिहिलेलं ‘गोल मेट’ म्हणजे घडायच्या आधीच आपल्या नावावर करून टाकलेलं फळ. आपल्याला वाटतं आसक्तीने आपल्या मनाची शांती जाते, एवढंच. इथे आसक्तीची किंमत आजींच्या पाठीने मोजली असती. कागदावर ‘त्वचा शाबूत’ असतं तर पुढच्या पाळीतली मुलगी ती पाठ निरखून बघणार होती का?

तिने आधी वॉर्डच्या सिस्टरना सांगितलं. मग पेन काढलं. रुग्णाच्या नोंदीतलं चुकलेलं खोडायची एक रीत असते. व्हाइटनर लावायचं नाही, गिरवून टाकायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. तिने ‘गोल मेट’वर रेघ मारली, सही केली, आणि लिहिलं : गोल नॉट मेट, माकडहाडावर दाबल्यावर पांढरी न पडणारी लाली.

मॅडम ओरडल्या नाहीत, पण बरं झालं असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी प्रश्न विचारले. पाहणीत काही निसटलं का? निदान बरोबर होतं का? गोल या शरीराला झेपणारा होता का? ठरवलेलं सगळं चोवीस तास घडलं का, का फक्त तुझ्या पाळीत? शेवटच्या प्रश्नावर ती थांबली. रात्री कूस बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. मग पलंगाला कूस बदलण्याचा तक्ता लागला, प्रत्येक पाळीने सही करायची. हवेची गादी आली. पोस्टिंग संपली त्या दिवशी लाली फिकट झाली होती, गेली नव्हती. तिने लिहिलं, पार्शली मेट. दुसऱ्या दिवसापासून तिची पोस्टिंग दुसऱ्या वॉर्डात होती आणि आजींची फाईल दुसऱ्या मुलीच्या हातात.

पाच हात

परवा आपण चौदावा श्लोक वाचला. कुठलंही कर्म घडायला पाच गोष्टी लागतात : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. आजींच्या पलंगापाशी उभं राहून ते पुन्हा वाचा. अधिष्ठान म्हणजे आजींचं सत्तरीतलं शरीर, त्याची पातळ झालेली कातडी. कर्ता म्हणजे ती विद्यार्थिनी. करणं म्हणजे तिचे हात, उशी, हवेची गादी. चेष्टा म्हणजे दर दोन तासांची धडपड, दिवसाची आणि रात्रीची. आणि दैव, जे कुणाच्याच रकान्यात मावत नाही.

सोळाव्या श्लोकात म्हटलंय की असं असताना जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो, त्याला दिसतच नाही. ‘मी एवढं केलं, मग असं कसं झालं’ या वाक्यातलं दुःख खरं आहे, पण त्यात पाचातले चार गायब आहेत. आणि लक्षात घ्या, लाली आली नसती तर ‘मी होते म्हणून झालं’ हे वाक्यही तितकंच आंधळं ठरलं असतं. ‘गोल मेट’ आपल्या अहंकाराला जास्त धोक्याचा, कारण तिथे कुणी प्रश्न विचारत नाही.

माझ्या कामात हे चटकन कळत नाही. कोडमधला दोष सापडला, दुरुस्त केला, टेस्ट हिरवी झाली, विषय संपला. तिथे मीच कर्ता असल्याचा भास फार पक्का असतो. शरीर कुणाचा कोड नाही. मुलं, आई-वडील, जोडीदार, आपलं स्वतःचं मन, यातलं काहीच नाही.

निर्विकार म्हणजे कोरडं नव्हे

कुणी म्हणेल, मेट आणि नॉट मेट सारख्याच शांतपणे लिहायचं म्हणजे भावना मारून टाकायच्या का? माणसांची खातेवहीच झाली ही.

सव्विसावा श्लोक नीट बघा. सिद्धी आणि असिद्धी यांत निर्विकार, हे सात्त्विक कर्त्याचं वर्णन आहेच. पण त्याच श्लोकात त्याच्याजवळ धृती आणि उत्साह असतो असंही म्हटलंय. ज्याला काही पडलेलं नाही, त्याला उत्साह कुठून येणार? बेपर्वा माणूसही अपयशाने हलत नाही, पण तो उठून गादी मागवत नाही. ‘नॉट मेट’ लिहून दुसऱ्या मिनिटाला नवा प्लॅन आखायला घेणं, ही धृती. मॅडमचे ते कोरडे वाटणारे प्रश्न मला म्हणूनच मायेचे वाटतात. त्यांनी मुलीला दोषही दिला नाही आणि सांत्वनही केलं नाही, तिला आजींकडे परत पाठवलं.

सगळ्यात कठीण परीक्षा मरणाच्या दारातल्या माणसापाशी होते. तिथे बरं होण्याचा गोल लिहिताच येत नाही. मग रकाना रिकामा? व्हर्जिनिया हेंडरसन यांनी १९६६ मध्ये नर्सिंगची जी व्याख्या मांडली, तिचा आशय असा : माणसाकडे बळ, इच्छा किंवा माहिती असती तर त्याने स्वतःसाठी जे केलं असतं ते करायला त्याला मदत करणं, मग ते बरं होण्याकडे नेणारं असो किंवा शांत मरणाकडे. म्हणजे शेवटच्या दिवशीही केअर प्लॅन असतो. ओठ ओले असतील. वेदना त्याला सोसवेल इतकी असेल. हात धरायला कुणीतरी असेल. मोठं फळ हातातून गेलं म्हणून लहान कर्तव्य संपत नाही, हे नर्सिंगच्या मुली विशीच्या आत शिकतात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. एवढं लिहिण्यात वेळ घालवण्यापेक्षा रुग्णापाशी बसावं. माझ्या बहिणीचीही हीच तक्रार होती, आणि ती खोटी नाही. पुस्तकातून उतरवलेला केअर प्लॅन सुंदर अक्षरात असू शकतो आणि त्यात एकही जिवंत माणूस नसतो. आपल्या पूजेचंही असंच होतं. सोळा उपचार क्रमाने होतात आणि देवाकडे एकदाही बघितलेलं नसतं. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात जी गीता-प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी लिहून घेतली, त्यात बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड हवी हे फार सोपं करून सांगितलंय. त्या जोडीला ते विकर्म म्हणतात. ती नसेल तर रकाने नुसतेच रकाने. पण ती आपोआप येते असंही नाही. आजींना विचारायचं राहून गेलं होतं, हे त्या कोऱ्या रकान्यामुळेच कळलं. माया तिच्याकडे आधीपासून होती. ती माया कुठे बघत नाहीये, ते कागदाने दाखवलं.

आजचा अभ्यास

आज संध्याकाळच्या नामस्मरणानंतर दहा मिनिटं काढा. ज्याची काळजी तुम्हाला खाते असं एक माणूस मनात आणा. कागदावर मधोमध एक रेघ मारा. डावीकडे लिहा, त्याच्या आयुष्यात काय घडावं असं वाटतं आणि कधीपर्यंत. वाक्याचा कर्ता तो माणूस. उजवीकडे लिहा, त्यासाठी या आठवड्यात तुम्ही काय करणार. वाक्याचा कर्ता तुम्ही. डावीकडचं लिहून झालं की त्या माणसाला जाऊन विचारा, तुला हे हवंय का? बहुतेकदा तिथेच निम्मं वाक्य बदलेल.

आठ दिवसांनी खाली इव्हॅल्युएशन लिहा. मेट, पार्शली मेट, नॉट मेट, जे असेल ते. आदल्या रात्री नाही, बघून. नॉट मेट लिहावं लागलं तर स्वतःला कोसत बसू नका. पाहणीपासून पुन्हा सुरुवात करा. आणि मेट लिहायला मिळालं तर पाच हात आठवा, त्यातला तुमचा एकच होता.

मग तो कागद देवापुढे ठेवा. दोन्ही रकाने भरलेला.

उद्या श्लोक २७ आणि २८ : राजस आणि तामस कर्ता.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥